पेठेतल्या पोराला प्रोफेशनल मिडफिल्डर व्हायचं असेल तर काय काय करावं लागतं

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल मॅच बघायला येणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा मोठं होऊन काय खेळणार, उत्तर ठरलेलं, स्ट्रायकर. उंची जरा जास्त असेल तर गोलकीपर. मिडफिल्डर व्हायचंय असं स्वतःहून म्हणणारं पोरगं क्वचितच भेटतं, आणि कोचनं ज्याला मिडफिल्डला उभा केलाय तो पण दहा मिनिटांत हळूच सरकत सरकत गोलसमोरच्या बॉक्समध्ये जाऊन थांबलेला असतो. कारण उघड आहे, आपल्या गॅलरीत हलगी वाजते ती गोलला नाहीतर तिघा-चौघांना ड्रिबल मारून गेलेल्याला, ज्यानं मध्ये बॉल काढून घेतला आणि दोन टचमध्ये बाजूला सोडला त्याच्या नावानं कोण बोंबलत नाही. आणि गंमत म्हणजे बाहेरच्या अकॅडमीचा माणूस बघायला आला की तो शोधत असतो नेमकं हे दुसरं पोरगं. ड्रिबल मारणारे त्याला गावोगावी मिळतात.

तर हे सगळं त्या दुसऱ्या पोरासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी लिहितोय. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

आधी कुठला मिडफिल्डर ते बघ

मिडफिल्डर म्हणजे एकच काम नाही. सहा नंबर म्हणजे डिफेन्सच्या पुढं बसणारा, समोरच्याचा अटॅक तोडायचा, बॉल मिळाला की शांतपणे पुढच्याकडं द्यायचा, स्वतःची जागा सोडायची नाही. आठ नंबर म्हणजे दोन्ही बॉक्सच्या मध्ये पळत राहणारा, सगळ्यात जास्त दमणारा गडी. दहा नंबर म्हणजे स्ट्रायकरच्या मागं मोकळी जागा शोधून थ्रू पास काढणारा. आपल्याकडं ज्याला थोडं टेक्निक आहे त्याला सगळेच दहा नंबर म्हणतात आणि तिथंच घोटाळा होतो, कारण भारतातल्या मोठ्या क्लबमध्ये या जागेवर आणि पुढच्या फळीत बहुतेक वेळा परदेशी प्लेयर आणून उभा करतात. सहा आणि आठ नंबरला भारतीय पोरांना जास्त चान्स मिळतो, अपुइया बघ, सुरेश वांगजाम बघ, अनिरुद्ध थापा बघ. आणि सहा नंबर म्हणजे हमाली असं ज्याला वाटतं त्यानं २०२४ चा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, कुणाला मिळाला ते आठवावं, रॉड्रीला, जो डिफेन्सच्या पुढं बसतो.

पण हे ठरवायची घाई पंधरा-सोळाच्या आधी करू नको. तोवर सगळीकडं खेळ, बॅक म्हणून, म्हणजे डिफेन्सला, पण खेळ, कारण बॅकला कुठला पास आवडतो आणि कुठला पास आला की त्याच्या पोटात गोळा येतो हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मान फिरवायची सवय, बाकी सगळं नंतर

एकच गोष्ट शिकायची झाली तर ही शिक. बॉल तुझ्याकडं यायच्या आधी दोनदा-तीनदा मान वळवून मागं बघायचं, कोण अंगावर येतोय, कोण मोकळा आहे, जागा कुठं आहे. नॉर्वेचे गेर यॉर्डेट म्हणून संशोधक आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं मोठ्या प्लेयर्सचे व्हिडिओ बघून हेच मोजलंय की बॉल यायच्या आधीच्या काही सेकंदांत कोण किती वेळा आजूबाजूला बघतो, आणि जे जास्त बघतात त्यांचे पुढं जाणारे पास जास्त पोचतात असं त्यात दिसलं. झावी, लॅम्पार्ड यांचं नाव यात कायम येतं. हे दोघं काही फार वेगानं पळणारे नव्हते, त्यांना माहिती आधी मिळालेली असायची एवढंच.

प्रॅक्टिस करायला काही लागत नाही. भिंतीवर बॉल मार, मागं मित्राला उभा कर, बॉल परत येतोय तोवर मागं बघायचं आणि त्यानं किती बोटं दाखवली ते ओरडून सांगायचं, मगच टच घ्यायचा. पहिल्या आठवड्यात बॉल नडगीवर बसणार, बसू दे. मग दोघं मित्र घे, एक डावीकडं एक उजवीकडं, दोघांपैकी जो हात वर करेल त्याच्याकडं पहिल्याच टचला वळायचं. टच घेताना समोर तोंड करून खांबासारखं उभं राहायचं नाही, अंग तिरकं ठेवायचं, म्हणजे पाठीमागचं अर्धं मैदान पण नजरेत राहतं आणि लांबच्या पायावर बॉल घेऊन लगेच पुढं निघता येतं. आपल्या लोकल मॅच नीट बघ, निम्मे बॉल जातात ते याच कारणानं, बॉल आला, बॉलकडंच बघत बसला, मागून डॅश बसला आणि मग फाऊल फाऊल म्हणून रेफ्रीच्या नावानं शंख.

डावा पाय पण तयार कर, हे तुला प्रत्येक कोच सांगतो आणि तू ऐकत नाहीस. मिडफिल्डरचा एकच पाय चालत असेल तर समोरच्याला निम्मं मैदान फुकटात बंद करता येतं.

मैदान खराब आहे हे कारण सांगू नको. आपली मैदानं कडक आहेत, बॉल उसळतो, गांधी मैदानात पाऊस झाला की तळं होतं, सगळं मान्य. लुका मॉड्रिचला हायडुक स्प्लिटनं लहान चणीचा म्हणून घेतलं नव्हतं, मग डिनामो झाग्रेबनं घेतला आणि अठराव्या वर्षी बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तारकडं लोनवर धाडला, तिथली लीग म्हणजे नुसती धसमुसळी. तोच गडी २०१८ ला बॅलन डी'ओर घेऊन गेला. खराब मैदानावर पहिला टच मेणासारखा मऊ लागतो, ते फुकटचं ट्रेनिंग समज. फक्त एक कर, महिन्यातून काही वेळा मित्रांनी वर्गणी काढून टर्फ बुक करा आणि तिथं जमिनीलगत जोरात पास मारायची प्रॅक्टिस करा, कारण बाहेरच्या अकॅडमीत बॉल सुळकन येतो आणि आपली पोरं पहिले दोन दिवस त्यातच गांगरतात, तोवर ट्रायल संपलेली असते.

दम

मोठ्या लेव्हलला मिडफिल्डर एका मॅचमध्ये साधारण १० ते १२ किलोमीटर धावतो, पण सलग नाही, चालणं, जॉगिंग, मध्येच स्प्रिंट, पुन्हा थांबणं, वळणं. त्यामुळं रोज सकाळी रंकाळ्याला संथ राऊंड मारून मॅचचा दम येत नाही. राऊंड मार, वाईट काही नाही, वातावरण पण मस्त असतं, पण आठवड्यातून दोनदा शटल मारच, म्हणजे ठरलेल्या दोन खुणांमध्ये वेगानं जाऊन-येऊन धावणं. क्लबमध्ये बहुतेक ठिकाणी यो-यो टेस्ट घेतात, २० मीटर जायचं २० मीटर यायचं, १० सेकंद विश्रांती, बीपचा वेग वाढत जातो, दोनदा बीपच्या मागं पडलास की बाहेर. मोबाईलवर त्याचा ऑडिओ मिळतो, खुणेला दोन कोन (प्लास्टिकचे शंकू) ठेव आणि महिन्यातून एकदा मार, आकडा वहीत लिही. ट्रायलच्या दिवशी ही टेस्ट पहिल्यांदाच बघणारी पोरं दमानं कमी आणि घाबरून जास्त बाहेर पडतात.

ताकदीसाठी आपल्या तालमीसारखी जागा नाही, आपल्याकडं फुटबॉलच्या टीम पण तालमींच्याच असतात. जोर-बैठका, दोर चढणं, हे सगळं मिडफिल्डरच्या कामाचं आहे, कारण त्याला पाठीवर माणूस घेऊनच बॉल सांभाळायचा असतो. फक्त जिममधला कोणी दादा पावडरचा डबा किंवा इंजेक्शन पुढं करत असेल तर तिथून उठून ये. नाडाचे, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेचे, लोक टेस्टिंग करतात, आणि मुद्दाम घेतलं असं ठरलं तर पहिल्याच वेळी चार वर्षांपर्यंत बंदी बसते, मिडफिल्डरची चार वर्षं म्हणजे निम्मी करिअर. डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे याचा पण भरवसा नसतो.

वॉर्म-अप म्हणून आपल्याकडं बाहेर उभं राहून गोलवर शॉट मारत बसतात. त्यापेक्षा फिफाचा ११ प्लस नावाचा प्रोग्राम आहे, २० मिनिटांचा, १५ व्यायाम, काही साहित्य लागत नाही, व्हिडिओ फुकट मिळतात. नियमित केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात हे वेगवेगळ्या देशांत तपासून झालेलं आहे. गुडघ्याचं एसीएल लिगामेंट गेलं की साधारण नऊ महिने ते वर्ष घरी बसावं लागतं, ऑपरेशनचा खर्च वेगळा, आणि तालीम पहिले दोन आठवडे विचारपूस करते मग नवीन पोरगं घेते. वाईट वाटून घ्यायचं नाही, असंच असतं. रॉड्रीचा पण गुडघा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गेला होता, पण त्याच्यामागं मँचेस्टर सिटीचा डॉक्टर, फिजिओ, पगार सगळं होतं. तुझ्यामागं आई आहे. त्यामुळं गुडघा सुजला की तेल चोळून पुढच्या मॅचला उतरायचं नाही, आधी ऑर्थोपेडिकला दाखवायचं.

खाणं, थोडक्यात

मॅचच्या दिवशी सकाळी मिसळ नको. एवढं जरी पाळलंस तरी पुष्कळ. दुपारी चारची मॅच असेल तर बारा-साडेबाराला वरणभात, भाकरी, साधी भाजी, तासभर आधी केळं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. तांबडा-पांढरा रात्री हाण, मॅचनंतर प्रोटीन लागतंच. गंगावेशीत कट्ट्यावरचं म्हशीचं दूध पण भारीच, पण मॅचच्या आधी ग्लासभर ढोसून आलास तर सेकंड हाफला पोटात तेच फिरत राहणार. झोप आठ तास. रात्री दीडपर्यंत रील बघणारा आठ नंबर सत्तराव्या मिनिटाला लगेच ओळखू येतो.

शिडी कशी आहे

हे नीट वाचा, विशेषतः आई-वडिलांनी, कारण आपल्याकडं पोरं खेळात कमी पडून कमी आणि वेळ चुकून जास्त मागं राहतात.

दहा ते चौदा या वयात शाळेची टीम आणि सुब्रोतो कप. ही शाळांची देशपातळीवरची स्पर्धा १९६० पासून चालू आहे, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य अशी चढत जाते, आणि याच वयात सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या असतात, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन दरवर्षी चौकशी करायची, कोण घरी येऊन सांगणार नाही. आपला अनिकेत जाधव लहानपणीच घर सोडून पुण्याच्या प्रबोधिनीत गेला, २०१७ ला भारतात झालेल्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताच्या टीममध्ये होता, मग इंडियन अॅरोज ही तरुण पोरांची टीम आणि पुढं आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. तो विंगर, मिडफिल्डर नाही, पण रस्ता तोच. त्याच वर्ल्ड कपमध्ये भारताचा एकमेव गोल कुणाचा, जिक्सन सिंगचा, कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवर हेडर. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. मणिपूरचं पोरगं, शिकायला चंदीगडच्या अकॅडमीत गेलेलं. दोघांच्यात एकच गोष्ट सारखी, दोघं मिशा फुटायच्या आधी गावाबाहेर पडले.

कोल्हापूरच्या फुटबॉलवर माझा जीव आहे पण हे बोलायलाच पाहिजे, इथं पोरगं सतराव्या-अठराव्या वर्षी तालमीच्या सिनियर टीममध्ये येतं, पेठेत फ्लेक्स लागतो, चौकात लोक हाक मारायला लागतात, आणि त्याला वाटतं पोचलो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, कुठल्याही टीमची जर्सी घालून भरलेल्या स्टेडियममध्ये उतरणं ही काय साधी गोष्ट नाही, देशात असं लोकल फुटबॉल फार थोड्या ठिकाणी राहिलंय. पण व्यावसायिक क्लब ज्या वयात पोरं उचलतात ते वय तेरा ते सतरा. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग हा शेवट धरलास तर तिथंच राहशील, आणि तिथं राहायचं असेल तर त्यात पण कमीपणा काही नाही, फक्त ते ठरवून कर, उशीर झाला म्हणून नको.

तेरा ते सतरामध्ये निवासी अकॅडमी बघायची, ज्यांची टीम एआयएफएफच्या (देशाची फुटबॉल संघटना) युथ लीगमध्ये आणि पुढं रिलायन्स फाऊंडेशनच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये खेळते अशी. विचारायचे प्रश्न असे: शाळा कुठली, फिजिओ आहे का, वर्षात अधिकृत मॅच किती होतात, आणि मागच्या बॅचची पोरं आज कुठं खेळतात. चौथ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडं पैसे भरू नका. वरची शिडी म्हणजे आय-लीगचे खालचे दोन स्तर, मग आय-लीग, मग आयएसएल. पंजाब एफसी २०२३ मध्ये आय-लीग जिंकून वर गेलं, पुढच्या वर्षी मोहम्मेडन, म्हणजे खालच्या लीगमधून टीमसोबत पण वर जाता येतं. दुसरा रस्ता राज्य संघाचा, विफाच्या (राज्याची फुटबॉल संघटना) निवडीतून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा, तिथं क्लबची माणसं बघायला असतात.

आणि अठरापर्यंत काही झालं नाही म्हणजे संपलं असं पण नाही. एन्गोलो कांतेला लहानपणी मोठ्या अकॅडम्यांनी घेतलं नाही, तो फ्रान्सच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळत राहिला, लेस्टरला आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, पुढच्या तीन वर्षांत दोन वेगवेगळ्या क्लबकडून प्रीमियर लीग आणि मग वर्ल्ड कप. पण तो खालच्या डिव्हिजनमध्ये का होईना, दर आठवड्याला अधिकृत लीग खेळत होता. टर्फवरच्या रात्रीच्या फाइव्ह-अ-साइडच्या कॅश टुर्नामेंट नव्हता खेळत.

कागदपत्रं, ज्यात सगळे मार खातात

एआयएफएफचं सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टिम आहे, सगळे सीआरएस म्हणतात, त्यात तुझं नाव आणि आयडी असला पाहिजे, जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला सगळीकडं तारीख एकच पाहिजे, स्पेलिंग एकच पाहिजे. वय कमी दाखवायचा सल्ला देणारा एक तरी काका प्रत्येक गल्लीत असतो. ऐकू नका. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडावरून वय तपासतात, पोरगं पकडलं गेलं की बंदी पोराला, काका चौकात निवांत.

एका वेळी एकाच क्लबकडं रजिस्ट्रेशन असतं, आणि फिफाच्या नियमानं एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबकडं नोंद होते पण अधिकृत मॅच दोनच क्लबकडून खेळता येतात. म्हणून बाहेरची ट्रायल डोक्यात असेल तर तालमीत सही करायच्या आधी तिथल्या मोठ्यांशी समोरासमोर बोल. "अण्णा, ट्रायलला चाललोय, झालं तर मला सोडायचं, नाही झालं तर तुमचाच आहे," एवढं सरळ बोललं की बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत. लपवून गेलास आणि मग कळलं तर मात्र ट्रान्सफरला महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. तालमीवाल्यांना पण एक सांगणं आहे, पोरांची नोंद बारा वर्षांपासून व्यवस्थित करा, कारण पोरगं पुढं परदेशी क्लबला विकलं गेलं तर ट्रान्सफर फीमधले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचा फिफाचा नियम आहे, आणि नोंदच नसेल तर मागायला तोंड नाही.

व्हिडिओ बनव, चार-पाच मिनिटांचा. मिडफिल्डरच्या व्हिडिओत फक्त गोल आणि नटमेग (समोरच्याच्या दोन पायांमधून काढलेला बॉल) टाकून उपयोग नाही. बॉल हिसकावलेला, दबावात वळून काढलेला, साइड बदलून दिलेला लांब पास, बॉल गेल्यावर मागं पळत जाऊन कव्हर केलेलं, हे टाक. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला स्वतःवर बाण दाखव. खाली पूर्ण मॅचची लिंक दे, कारण शहाणा कोच ती उघडतोच. आणि मागं डीजेचं गाणं लावू नको रे बाबा.

ट्रायल

फसवणूक इथं सगळ्यात जास्त. "स्पेनच्या क्लबची ट्रायल, रजिस्ट्रेशन एवढे हजार, सिलेक्ट झाल्यावर व्हिसाचे एवढे लाख" असा मेसेज आला की आधी त्या क्लबच्या स्वतःच्या पेजवर ते आहे का बघ. अठरा वर्षांखालच्या प्लेयरची दुसऱ्या देशात ट्रान्सफर फिफानं मोजके अपवाद सोडले तर बंदच ठेवलीय, त्यामुळं पंधरा वर्षांच्या पोराला युरोपात सही करून देतो म्हणणारा माणूस सरळ खोटं बोलतोय.

खरी ट्रायल असेल तर आदल्या दिवशी पोच. रात्रभर महालक्ष्मीत जनरल डब्यात उभं राहून सकाळी थेट मैदानात उतरलास तर पाय तुझे नसतात. ट्रायलमध्ये तीस-चाळीस अनोळखी पोरं, प्रत्येकाला स्वतःचं दाखवायचं असतं, कोणी पास देत नाही. अशा वेळी मिडफिल्डरनं काय करायचं? बोलायचं. "मागं माणूस", "वळ", "एकटा आहेस", "सोड", जोरात. अनोळखी पोरांना आवाज देऊन जो लाइनीत आणतो तो बाहेर उभ्या कोचला पाच मिनिटांत दिसतो. सोपे पास लवकर दे, मग पोरं तुझ्याकडं परत द्यायला लागतात. पास चुकला की डोक्यावर हात मारत उभा राहू नको, आधी मागं पळ. हिंदी थोडं मोकळं बोलायची सवय कर, आपल्या पोरांचं निम्मं गप्प राहणं भाषेच्या लाजेनं असतं.

सही करताना

करार घरी आण, रात्रभर ठेव, वकिलाला दाखव. फिफाच्या नियमात व्यावसायिक करार कमीत कमी मोसम संपेपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अठराच्या आतल्या पोराचा तीन वर्षांच्या वर नाही. "मेडिकल पास झाला तरच करार लागू" अशी अट चालत नाही, मेडिकल सहीच्या आधी करायचं असतं. पगार आकड्यात आणि अक्षरात, कुठल्या तारखेला, राहण्याचा खर्च कोण करणार, दुखापत झाली तर ऑपरेशन कुणाच्या पैशानं आणि तेवढे महिने पगार चालू राहणार का, हे कागदावर पाहिजे. तोंडी "बघू की, आपला माणूस आहे" याला काही किंमत नाही. दोन महिन्यांचे पगार थकले तर लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस वाट बघून करार मोडता येतो, पण त्यासाठी कागदाची एक प्रत तुझ्याकडं हवी. हे हसण्यावारी नेऊ नको, २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द आयएसएलचा मोसम लीग चालवायच्या हक्कांच्या करारावरून लटकला आणि काही क्लबांनी प्लेयर्सचे पगार थांबवले होते. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगची ही कथा.

एजंट म्हणणाऱ्याला फिफाचं लायसन्स आहे का ते फिफाच्या साइटवर नाव टाकून बघ, परीक्षा देऊन मिळतं ते. त्याच्याशी करार दोन वर्षांपेक्षा जास्त नसतो, आणि अठराच्या आतला असशील तर पालकांची लेखी संमती लागतेच. पोराला हॉटेलात जेवायला नेऊन परस्पर सही घेणारा एजंट नसतो.

घर चालायला

मिडफिल्डर चांगला सांभाळला तर तेहतीस-पस्तिसापर्यंत खेळतो, बहुतेकांचं त्याआधीच थांबतं. म्हणून दहावी-बारावी-डिग्री सोडू नको, विद्यापीठाच्या टीममधून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येते तो फायदा वेगळा. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याला ठराविक अधिकृत स्पर्धांची सर्टिफिकेट लागतात आणि ती क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावी लागतात. चषकात मिळालेली मोटारसायकल भारी दिसते पण ती फॉर्मला जोडता येत नाही. पोलीस, रेल्वे, सर्व्हिसेस (सैन्यदलं) यांच्या टीम आहेत. पंचविशी ओलांडल्यावर एआयएफएफचं कोचिंगचं डी लायसन्स करून ठेव, मिडफिल्डर कोच म्हणून बरे निघतात, त्यांना आयुष्यभर सगळं मैदान बघायची सवय असते.

आणि भांडणं. पेठेची अस्मिता, दोन्ही बाजूंच्या समर्थकांची हुल्लड, मॅचनंतरची दगडफेक, हे आपल्याकडं होतं हे लपवण्यात अर्थ नाही. त्यात तू प्लेयर म्हणून अडकलास आणि केस झाली तर पोलीस भरतीचं व्हेरिफिकेशन, पासपोर्ट, सगळ्याला लागतं. शिट्टी वाजली की शूज काढ, घरी जा.

मुलींसाठी वेगळं काही लिहायची गरज नाही, वरचं सगळं तसंच लागू आहे. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ पासून चालू आहे, कोल्हापुरात मुली खेळतायत, टीम कमी आहेत म्हणून मुलांच्यात सराव करावा लागतो, आणि खरं सांगायचं तर त्यामुळं त्यांचं डोकं लवकर चालायला लागतं कारण ताकदीच्या जोरावर तिथं भागत नाही.

पावसाळा

जूनला मोसम संपतो आणि आपली पोरं थेट गणपती झाल्यावरच बूट शोधतात. तेवढे महिने वाया घालवायचे नाहीत. जूनमध्ये दोन आठवडे पूर्ण विश्रांती, दुखणं-खुपणं डॉक्टरला दाखवून घे. जुलैत तालमीत ताकदीचं काम, आठवड्यातून दोनदा झाकलेल्या टर्फवर किंवा शाळेच्या हॉलमध्ये भिंत आणि बोटांचा ड्रिल, डाव्या पायानं. याच काळात दाखले, सीआरएस, व्हिडिओचं एडिटिंग उरकून टाक. शाळा चालू झाली की पहिल्याच आठवड्यात पीटीच्या सरांना सुब्रोतोच्या तारखा विचार, कारण त्या मॅच भर पावसात होतात. ऑगस्टमध्ये यो-यो मारून बघ, मेच्या आकड्याच्या खाली गेला असेल तर सप्टेंबरभर शटल वाढव. उघडीप मिळाली की तपोवनला नाहीतर पोलो ग्राउंडला सकाळी साडेसहाला ये, तेव्हा गर्दी नसते.